७,८४० रुपयांच्या कमिशनमुळं ३१ लाखांचं दुकान जीएसटीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात जीएसटीच्या बातम्या नेहमी येतात, काय स्वस्त झालं काय महाग झालं ते आम्ही दुकानदार आवर्जून वाचतो, पण ऑनलाइन लिंकवरनं मिळणाऱ्या थोड्याशा कमिशनमुळं अख्ख्या दुकानाला जीएसटी नंबर घ्यावा लागतो, या गोष्टीवर अजून कुणी लिहिलेलं माझ्या वाचण्यात आलं नाही आणि ती गोष्ट माझ्यासारख्या किती तरी छोट्या दुकानदारांच्या आज ना उद्या अंगाशी येणार आहे, म्हणून स्वतःचाच अनुभव लिहून पाठवतोय. जागेप्रमाणे पत्र लहान केलं तरी चालेल, फक्त आकडे कापू नका ही विनंती.

माझं सोलापूरच्या पूर्व भागात भांड्यांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. गिऱ्हाईक सगळं आसपासचं, यंत्रमागावरचे कामगार, विड्या वळणाऱ्या बायका, लग्नसराईत रुखवताची भांडी घ्यायला अक्कलकोट, मंद्रूपकडनं येणारी माणसं. वर्षाची विक्री ३१ लाखांच्या आसपास. आकडा ऐकायला मोठा वाटतो पण भांड्यात सुटतं किती ते धंद्यातल्याला विचारा, स्टीलचं पातेलं किलोवर घेऊन किलोवर विकायचं, त्यात मार्जिन ते काय. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला १ एप्रिल २०१९ पासून ४० लाखांपर्यंत जीएसटी नंबर लागत नाही, म्हणून मी नंबर घेतला नव्हता आणि त्यात बेकायदा काहीच नव्हतं. होलसेलवाल्याकडनं माल घेताना त्याच्या बिलात जीएसटी भरतच होतो.

आता लिंकचं कसं सुरू झालं ते सांगतो. दुकानात रोज कुणी ना कुणी अशी वस्तू मागायचं जी मी ठेवत नाही, मिक्सरचं भांडं, एअर फ्रायर, एखाद्या जुन्या कुकरची ठराविक मापाची रिंग. मी म्हणायचो आपल्याकडं नाही, ऑनलाइन बघा. मग ते म्हणायचे मालक, ऑनलाइन पन्नास दिसतात, त्यातलं कुठलं घेऊ तेवढं सांगा. माझी मुलगी बी.कॉम.ला आहे, ती एक दिवस म्हणाली पप्पा नुसतं तोंडी सांगताय कशाला, आपण ग्रुप करू, तुम्ही भांड्याबद्दल बोला मी व्हिडिओ काढते आणि खाली लिंक देते, त्या लिंकवरनं कुणी घेतलं तर आपल्याला कमिशन मिळतं, याला अफिलिएट मार्केटिंग म्हणतात. व्हॉट्सअॅपवर ग्रुप केला, चारशेच्या वर माणसं झाली.

पहिला व्हिडिओ आम्ही इंडक्शनच्या भांड्यांवर केला होता. दुकानात एक लोहचुंबक ठेवलेलं असतं, ते तळाला लावून दाखवलं, चिकटलं तर भांडं इंडक्शनवर चालतं, नाही चिकटलं तर वर स्टिकर काही का असेना ते घेऊ नका. दुसरा परातीवर, २२ गेजची आणि २४ गेजची परात हातात घेऊन, कडेला बोटानं वाजवून, पत्रा कुठला जाड आणि कुठला पातळ ते ऐकवलं, कारण आकडा मोठा म्हणजे पत्रा पातळ हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि ऑनलाइन घेताना २४ चा आकडा बघून चांगलं असेल म्हणून घेतात. लोकांना हे आवडलं. बायका फोन करून विचारायच्या, त्यात मला फार समाधान होतं, तीस वर्षं जे हातानं शिकलो ते कुणाच्या तरी उपयोगी पडत होतं.

कमिशन म्हणाल तर कधी ३८ रुपये, कधी ११२, वस्तू परत गेली की तेही वजा. वर्षाचे मिळून ७,८४० रुपये बँकेत जमा झाले. मुलीचं गाडीचं पेट्रोल निघालं एवढंच.

रिटर्न भरायची वेळ आली तेव्हा आमच्या सीएंनी पासबुकात एका एंट्रीवर बोट ठेवलं आणि विचारलं, मालक हे काय आहे. मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, दुकानाची विक्री परत विचारली, आणि म्हणाले की तुमचं ४० लाखांचं लिमिट गेलं, तुम्ही २० लाखांत आलात. मला वाटलं त्यांचं काही तरी चुकतंय. मी म्हणालो ३१ लाखांत सात हजार मिळवले तरी ४० लाख होत नाहीत. तर ते म्हणाले बेरजेचा प्रश्नच नाही, ४० लाखांची सूट 'फक्त माल' विकणाऱ्याला आहे, कमिशन ही सेवा, सेवा दिली की तुम्ही फक्त माल विकणारे राहिला नाहीत, मग तुम्हाला २० लाखांचा नियम, आणि तुमची विक्री तर ३१.

मी त्यांना कायद्यात लिहिलेलं दाखवायला लावलं. वाचलं. खरं आहे. त्यात एकच सूट दिलीय, कुणाला पैसे उसने किंवा ठेवीला दिले आणि त्यावर व्याज आलं तर ती सेवा धरायची नाही. म्हणजे सरकारच्या हे लक्षात आलं होतं की दुकानदाराला चार पैसे दुसरीकडनंही येतात आणि तेवढ्यावरनं त्याची सूट काढून घेणं बरोबर नाही. पण ते व्याजापुरतंच लक्षात आलं.

बरं, ठीक आहे, नंबर घ्यायचा तर घेऊ, छोट्यांसाठी कंपोझिशन स्कीम आहे, दीड कोटीपर्यंतच्या दुकानदाराला विक्रीवर १ टक्का भरून मोकळं होता येतं, तिमाहीला एक फॉर्म आणि वर्षाला एक रिटर्न. त्या स्कीममध्ये माल विकणाऱ्याला थोडी सेवा द्यायची परवानगीही आहे, आधीच्या वर्षीच्या उलाढालीच्या १० टक्के किंवा ५ लाख रुपये, जे जास्त असेल तेवढी. मला हायसं वाटलं. मग सीएंनी विचारलं कमिशन देणाऱ्या कंपनीचा पत्ता कुठला. बेंगळुरू. म्हणाले नाही जमणार. कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर काहीच देता येत नाही, ना माल ना सेवा, आणि कंपनी कर्नाटकात म्हणजे तुमची सेवा आंतरराज्य झाली.

संपादक साहेब, मी दुकान सोडून कुठं गेलो नाही. व्हिडिओ दुकानात काढला, बघणारी बाई इथल्याच शेळगीची, कुकर आला तिच्या घरी शेळगीत, आणि कागदावर माझी सेवा गेली कर्नाटकात. जीएसटीचा नियम तसाच आहे, घेणारा नोंदणीकृत असेल तर सेवा त्याच्या पत्त्यावर पोचली असं धरतात, मोठ्या धंद्यांसाठी तो नियम बरोबरही असेल. पण ३८ रुपयांच्या कमिशनला तोच.

शेवटी दोनच रस्ते उरले. एक, रेग्युलर नंबर घ्यायचा, लिंक चालू ठेवायच्या, प्रत्येक बिल कॉम्प्युटरवर, रिटर्न, उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये लेट फी. इनपुट क्रेडिट, म्हणजे माल घेताना भरलेला टॅक्स वजा मिळतो हे मान्य, पण माझं गिऱ्हाईक घरगुती आहे, त्याला क्रेडिटचा काही उपयोग नाही, त्याला शेवटचा भाव कळतो. दुसरा, कंपोझिशन घ्यायचं आणि लिंक बंद करायच्या. मी दुसरा घेतला. मधल्या महिन्यांचा हिशेब करून जे निघालं ते भरलं. आता ३१ लाखांवर १ टक्का म्हणजे वर्षाला ३१ हजार रुपये, आणि कंपोझिशनवाल्याला गिऱ्हाईकाकडनं टॅक्स वेगळा घेता येत नाही, म्हणजे ते खिशातनंच. दुकानावर कंपोझिशनचा बोर्ड लावलाय. तेल गेलं तूपही गेलं आणि हाती धुपाटणं आलं, याच्यापेक्षा वेगळं काय म्हणू.

माझ्या ७,८४० रुपयांवर १८ टक्क्यांनी टॅक्स होतो १,४११ रुपये. सरकारनं तेवढे मागितले असते तर मी त्याच दिवशी भरले असते. टॅक्स द्यायला माझी ना नाही. एका छोट्या कमिशनवरनं सगळ्या दुकानाचा नियम बदलतो, याला माझी हरकत आहे.

आणि हे जीएसटीपुरतंही नाही. इन्कम टॅक्समध्ये मी ४४एडी या कलमाखाली रिटर्न भरायचो, विक्रीच्या ८ टक्के, बँकेतनं आलेल्या पैशावर ६ टक्के नफा दाखवायचा, वह्या ठेवायची गरज नाही. त्याच कलमात लिहिलंय की कमिशन किंवा दलालीचं उत्पन्न असणाऱ्याला हे कलम लागू नाही. किती कमिशन? त्याला मर्यादाच लिहिलेली नाही. सीए म्हणाले शब्दशः वाचलं तर सात हजारही पुरेसे आहेत, मी धोका घेणार नाही. मग वर्षभराच्या कच्च्या वह्या काढून मुलीनं आणि मी रात्री अकरा अकरापर्यंत बसून हिशेब लावला.

हे सगळं झाल्यावर मुलीनं शोध घेतला की दुसरीकडं लिंकवाल्यांचं काय होतं, तर अमेरिकेतलं निघालं ते वाचून मी चकित झालो. तिथं आपल्यासारखा जीएसटी नाही, राज्याराज्याचा वेगळा सेल्स टॅक्स आहे. १९९२ साली त्यांच्या सुप्रीम कोर्टानं क्विल कंपनीच्या केसमध्ये सांगितलं होतं की ज्या राज्यात कंपनीचं दुकान, गोडाऊन, माणूस काहीच नाही त्या राज्याचा टॅक्स गोळा करायची सक्ती तिच्यावर करता येत नाही. पुढं ऑनलाइन विक्री वाढली, राज्यांचा टॅक्स बुडायला लागला. मग २००८ मध्ये न्यूयॉर्क राज्यानं कायदा केला की आमच्या राज्यातला कुणी कमिशन घेऊन तुमची लिंक देत असेल तर तो तुमचा इथला विक्री करणारा माणूसच झाला, आणि अशा लिंकांवरनं वर्षाला १० हजार डॉलरच्या वर विक्री झाली की तुम्ही टॅक्स गोळा करायचा. अॅमेझॉन कोर्टात गेली. ओव्हरस्टॉक नावाच्या कंपनीनं सरळ न्यूयॉर्कच्या लिंकवाल्यांना काढून टाकलं. २००९ मध्ये नॉर्थ कॅरोलायना आणि र्‍होड आयलंडनं तसाच कायदा आणला तेव्हा अॅमेझॉननंही तिथल्या लिंकवाल्यांचं कमिशन बंद केलं, २०११ मध्ये इलिनॉय आणि कॅलिफोर्नियात तेच झालं. कॅलिफोर्नियात सप्टेंबरमध्ये सरकार आणि कंपनीची तडजोड झाली म्हणून ते परत चालू झालं. इलिनॉयचा कायदा २०१३ मध्ये तिथल्याच सुप्रीम कोर्टानं रद्द केला. आणि शेवटी जून २०१८ मध्ये साउथ डकोटा राज्य विरुद्ध वेफेअर कंपनी या केसमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं ५ विरुद्ध ४ मतांनी जुना निकालच बाजूला ठेवला, राज्यात कंपनीचं कुणी नसलं तरी ठराविक विक्रीच्या वर टॅक्स गोळा करायचा असं झालं, आणि मग लिंक देणारा कुठं राहतो याला पहिल्याएवढं महत्त्व उरलं नाही.

दहा वर्षं. टॅक्स होता गिऱ्हाईकावर, भांडण होतं सरकार आणि कंपनीचं, आणि कमाई गेली मधल्या माणसाची. त्याच्यावर एक पैसा सेल्स टॅक्स लागत नव्हता. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर कंपनी होती, कंपनीच्या डोळ्यासमोर नफा होता, लिंक देणारा कुणाच्याच डोळ्यासमोर नव्हता. माझ्याकडं कायद्याची कारणं वेगळी आहेत, पण वाचताना मला माझीच गोष्ट वाटली.

आपल्याकडं माल विकणाऱ्यांसाठी जीएसटी कौन्सिलनं बऱ्याच गोष्टी सुधारल्यात हे मी मान्य करतो. पूर्वी ऑनलाइन पोर्टलवर एक टॉवेल विकायचा तरी नंबर लागायचा, १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या छोट्यांना मर्यादेच्या आत नंबराशिवाय विकता येतं. पोर्टलवाले विक्रीचे पैसे देतानाच १ टक्का टॅक्स (टीसीएस) कापायचे ते १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का झाला, आपल्या चादरवाल्यांचे तेवढे पैसे मोकळे झाले. तिथंही आपल्या सोलापूरची एक अडचण आहेच. माझी वहिनी शेंगाचटणी करते, ती पुण्याला अडीचशे किलोमीटर पाठवली तर चालतं पण विजापूरला शंभर किलोमीटर पाठवली की आंतरराज्य, पहिल्या रुपयापासून नंबर. आपल्या निम्म्या घरांचे सोयरे विजापूर, इंडी, कलबुर्गीत आहेत, गड्ड्याच्या यात्रेला तिकडनं किती माणूस येतं, आणि कायद्याला मधली रेघ तेवढी दिसते. पण हा विषय मोठा आहे, त्यावर वेगळं पत्र लिहीन.

दुसरं, सप्टेंबर २०२५ च्या ५६ व्या बैठकीत कौन्सिलनं परदेशी कंपन्यांसाठी मध्यस्थी करणाऱ्यांवर जीएसटी लागायचा ते कलमच काढायची शिफारस केली, कारण ती सेवा परदेशात जाते तर तिला निर्यात धरावं. चांगलंच केलं. म्हणजे कमिशनवाल्याची अडचण समजून घेता येते. मग ज्याची दलाली अमेरिकेतनं येते त्याच्यासाठी कलम बदलतं, आणि ज्याची ३८ रुपयांची दलाली बेंगळुरूतनं येते त्याचंही कुणी तरी ऐकावं एवढंच मागणं आहे.

माझं मागणं तिन्ही ठिकाणी एकच आहे, छोटं कमिशन वेगळं काढा. ४० लाखांच्या सुटीत व्याजाला जशी मोकळीक दिलीय तशी वर्षाला लाखभर रुपयांपर्यंतच्या कमिशनला द्या. कंपोझिशनमध्ये १० टक्के सेवा चालते हे तुम्हीच मान्य केलंय, तर तेवढ्या सेवेला राज्याची अट काढा. आणि इन्कम टॅक्सच्या त्या कलमात कमिशनला काही तरी रकमेची मर्यादा लिहा, ज्याचा मुख्य धंदा दलाली आहे त्याला बाहेर ठेवा, दुकानदाराला नको. यात सरकारचं किती नुकसान होणार? कमिशनवर टॅक्स घ्यायचाच असेल तर कंपनी पैसे देतानाच टॅक्स (टीडीएस) कापते, वर्षाला २० हजारांच्या वर कमिशन गेलं की २ टक्के, तेवढ्याची नोंद सरकारकडं आहेच.

एक खुलासा करतो, नाहीतर माझं पत्र वाचून पोरंपोरी उगीच घाबरतील. ज्यांचं दुकान वगैरे काही नाही, जे नुसतं लिंकचं, रीलचं काम करतात, त्यांना वर्षाला २० लाखांपर्यंत जीएसटी नंबर लागत नाही, कंपनी परराज्यातली असली तरी, सेवेसाठी ती सूट ऑक्टोबर २०१७ पासून आहे. फक्त पॅन नीट द्या, नाहीतर टीडीएस २० टक्के कापतात. कंपनीनं वस्तू फुकट दिली आणि तुम्ही ठेवून घेतली, आणि अशा वस्तूंची किंमत वर्षात २० हजारांच्या वर गेली, तर त्यावरही १० टक्के टीडीएस आहे, हे जुलै २०२२ पासून. आणि घरातलं दुकान, गिरणी, टेलरिंग जे काही तुमच्याच पॅनवर असेल तर लिंक चालू करायच्या आधी सीएला विचारा, कारण जीएसटीत एका पॅनवरची सगळी उलाढाल एकत्र धरतात. मला हे कुणी आधी सांगितलं नाही. लिंकचा फॉर्म भरताना पॅन मागितला, बँक खातं मागितलं, पण तुमचं दुकान आहे का, ते जीएसटीत आहे का, असं कुठंच विचारलं नव्हतं. अशी एक ओळ प्रत्येक कंपनीनं त्या फॉर्मवर मराठीतनं टाकली तरी किती तरी लोक वाचतील.

सीए म्हणतात लिंक बंद केल्याच आहेत तर पुढं नंबर रद्द करायचा अर्ज करू, कमिशन नाही म्हणजे तुम्ही परत फक्त माल विकणारे. बघू. ग्रुप मी बंद केलेला नाही. परवा एका ताईंनी कुकरचा फोटो टाकला, रिंग कुठली बसेल विचारलं, झाकणाच्या आतलं माप मोजून पाठवा म्हटलं, त्यांनी पट्टी लावून फोटो पाठवला, मी नंबर सांगितला. लिंक दिली नाही.

आपला नियमित वाचक,
भांड्यांचा एक दुकानदार, पूर्व भाग, सोलापूर